लुइजी किनेत्ती : शर्यतीतून उभी केलेली बाजारपेठ आणि तिच्या मालकीचा प्रश्न

१९४६ च्या नाताळच्या सुमारास पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ अमेरिकेतून युरोपात परतले आणि उत्तर इटलीतील मोदेना शहरात एन्झो फेरारी यांना भेटायला गेले. दोघांची ओळख जुनी, आल्फा रोमेओ या इटालियन मोटार कंपनीतल्या दिवसांतली होती. फेरारी यांच्याकडे तेव्हा मारानेल्लो येथील, युद्धात दोनदा बॉम्बफेकीत सापडलेला कारखाना होता, मशिन टूल्स बनवण्याचे काम होते आणि जोआक्कीनो कोलोम्बो या अभियंत्याने आखलेले दीड लिटरचे, बारा सिलिंडरांचे एक इंजिन होते. स्वतःचे नाव लावून गिऱ्हाइकाला विकता येईल अशी मोटार मात्र त्यांच्याकडे एकही नव्हती. आलेल्या पाहुण्यांकडे तर कारखानाही नव्हता आणि मागे कोणा बँकेचे किंवा उद्योगसमूहाचे पाठबळही नव्हते. त्यांचा प्रस्ताव थोडक्यात असा होता की मोटारी तुम्ही बनवा, अमेरिकेत त्या खपवण्याचे माझ्याकडे लागले.

हे पाहुणे म्हणजे लुइजी किनेत्ती. (आडनावाचे रोमन स्पेलिंग पाहून आपल्याकडे कोणीही ‘चिनेटी’च म्हणेल, इटालियनमध्ये तिथे ‘क’ येतो.) फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी तीनदा विजय मिळवला, आणि आज फेरारी कंपनीच्या दृष्टीने जी जगातील सर्वांत महत्त्वाची बाजारपेठ आहे तिची पायाभरणी केली. तरीही त्यांचे नाव शर्यतीच्या अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. प्रस्तुत प्रकरणात दोन प्रश्न तपासायचे आहेत: भांडवल नसलेल्या माणसाने एका अनोळखी नावासाठी बाजारपेठ कशी उभी केली, आणि उभी केलेली ती बाजारपेठ अखेरीस त्याच्या हाती का राहिली नाही. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. किनेत्ती यांचे भांडवल म्हणजे त्यांच्या शब्दावर लोकांचा असलेला विश्वास. तो त्यांनी स्टिअरिंगमागे बसून कमावला होता, परंतु प्रत्येक विक्रीगणिक तो त्यांच्या खात्यातून निघून मोटारीवरच्या नावाच्या खात्यात जमा होत गेला.

आधीची वाटचाल

किनेत्ती यांचा जन्म १७ जुलै १९०१ रोजी लोम्बार्दी प्रांतातील येरागो या गावी झाला. वडील बंदुका बनवणारे कारागीर होते, त्यामुळे धातू आणि कानस यांच्याशी मुलाची ओळख घरातच झाली. १९१७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते आल्फाच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून लागले. पुढे इटलीत फॅसिस्ट राजवट आली तेव्हा त्यांनी देश सोडून पॅरिस गाठले आणि तिथे आल्फा रोमेओच्या मोटारी विकणे, त्यांची देखभाल करणे आणि त्याच मोटारी शर्यतीत चालवणे अशी तिन्ही कामे एकत्र सुरू केली. हे एकत्र असणे महत्त्वाचे आहे. शर्यत हा छंद आणि विक्री हा धंदा अशी फारकत त्यांनी तेव्हाही केली नाही आणि नंतरही केली नाही.

१९३२ मध्ये रेमाँ सोमेर यांच्या जोडीने त्यांनी ल माँ जिंकली. त्या शर्यतीत किनेत्ती आजारी पडल्यामुळे चोवीसपैकी वीस तासांहून अधिक काळ सोमेर यांनीच मोटार चालवली होती. ही नोंद लक्षात ठेवावी, कारण सतरा वर्षांनी तिची उलट आवृत्ती घडायची होती. १९३३ मध्ये ते दुसरे आले. विजेते ताझिओ नुव्होलारी त्यांच्यापुढे अवघ्या चारशे मीटरच्या आसपास होते, आणि तेही चोवीस तास धावून झाल्यावर. १९३४ मध्ये फिलीप एतांसलँ यांच्यासोबत त्यांनी पुन्हा शर्यत जिंकली.

मे १९४० मध्ये लूसी ओ’रायली शेल यांच्या संघाबरोबर ते इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी अमेरिकेत गेले. संघाकडे मासेरातीच्या मोटारी होत्या, चालक रने द्रेफ्युस आणि रने ल बेग हे फ्रेंच होते. शर्यत ३० मे रोजी झाली आणि १० जूनला इटलीने फ्रान्स व ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. किनेत्ती परतले नाहीत. पुढची सहा वर्षे त्यांनी न्यूयॉर्क परिसरात उंची मोटारींच्या दुरुस्तीत काढली आणि अमेरिकी नागरिकत्व घेतले. (द्रेफ्युस हेही तिथेच राहिले, त्यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट काढले आणि ते शर्यतीच्या जगातील लोकांचा अड्डाच झाले.) एन्झो फेरारी यांना जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते किनेत्ती या सहा वर्षांत शिकले होते: युद्धाने होरपळलेल्या युरोपात पैसा नव्हता, पण अमेरिकेत होता. आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांच्यापैकी काहींना डेट्रॉइटच्या अवजड, मऊ मोटारी कंटाळवाण्या वाटत होत्या.

अडचण नेमकी कोणती होती

अमेरिकेत पैसा होता म्हणजे गिऱ्हाईक होते असे मात्र नाही. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी ब्रिटनमधून छोट्या एमजी मोटारी आणल्या होत्या आणि त्यातून हौशी शर्यतींची आवड वाढत होती. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या गावच्या रस्त्यांवर १९४८ मध्ये पहिली शर्यत झाली. त्याच वर्षी जॅग्वारने आपली एक्सके १२० ही स्पोर्ट्स मोटार लंडनच्या प्रदर्शनात मांडली. ती देखणी होती, वेगवान होती आणि हाताने घडवलेल्या कोणत्याही इटालियन मोटारीपेक्षा कितीतरी स्वस्त होती. अशा बाजारात, कोणी नावही न ऐकलेल्या कारखान्याची मोटार कितीतरी जास्त पैसे मोजून विकत घ्या, हे सांगायचे कोणत्या आधारावर?

जाहिरातीला पैसे नव्हते. शोरूम नव्हते. सुटे भाग समुद्रापलीकडून यायचे होते. कारखान्यातून पहिल्या काही वर्षांत मिळून जेमतेम काही डझन मोटारी बाहेर पडत होत्या, तेव्हा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनातून किंमत खाली आणण्याचा मार्गही बंद होता. उरत होता तो एकच पुरावा, आणि तो किनेत्ती यांना स्वतः देता येण्यासारखा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरी ट्रॅकवरील बारा तासांची शर्यत त्यांनी लॉर्ड सेल्सडन या ब्रिटिश उमरावासोबत फेरारी १६६ चालवून जिंकली. युरोपात त्याची दखल घेतली गेली. परंतु अमेरिकेतल्या श्रीमंत हौशी माणसाला युरोपातील एकाच सहनशक्तीच्या शर्यतीचे नाव निश्चित ठाऊक होते, आणि ती शर्यत १९३९ नंतर भरलीच नव्हती.

ल माँ, जून १९४९

दहा वर्षांच्या खंडानंतर ल माँची शर्यत २५ जून १९४९ रोजी दुपारी चार वाजता सुरू झाली. युद्धात त्या परिसराची इतकी नासधूस झाली होती की पिट (मोटारी थांबवून पेट्रोल भरण्याची आणि दुरुस्तीची जागा) आणि प्रेक्षागार नव्याने बांधावे लागले होते. फेरारीने कारखान्याचा संघ पाठवला नव्हता. दोन १६६ एमएम उतरल्या त्या खासगी होत्या. त्यांपैकी बावीस क्रमांकाची मोटार सेल्सडन यांच्या मालकीची होती आणि तिचे दुसरे चालक किनेत्ती होते. मिलानच्या तुरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने या मोटारीला अशा गोल कडांचे, छत नसलेले अंग दिले होते की इटालियन लोक तिला ‘बार्केत्ता’, म्हणजे होडके, म्हणू लागले. इंजिन दोन लिटरला थोडे कमीच, पण बारा सिलिंडरांचे. समोर साडेचार लिटरच्या फ्रेंच ताल्बो आणि दलाये, तीन लिटरच्या दलाज अशा मोटारी होत्या. इतके छोटे आणि इतके गुंतागुंतीचे इंजिन चोवीस तास टिकेल असे मानणारे फार थोडे असावेत.

इथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगी आहे. एक फेरी १३.४९२ किलोमीटरची. विजेत्या मोटारीने २३५ हून थोड्या अधिक फेऱ्या मारल्या, म्हणजे सुमारे ३,१७८ किलोमीटर, ताशी सरासरी १३२ किलोमीटर. याचा अर्थ, पेट्रोल भरण्याच्या आणि टायर बदलण्याच्या वेळेसह, सहा मिनिटे आणि काही सेकंदांत एक फेरी, आणि असे दिवसरात्र. प्रत्येक फेरीत सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता, ज्याच्या शेवटी ताशी दोनशेच्या आसपासच्या वेगातून मोटार ड्रम ब्रेकवर आवरून काटकोनात उजवीकडे वळवायची. रात्री हे सारे त्या काळच्या हेडलाइटच्या पिवळट उजेडात, डोक्यावर छत नसताना. सेल्सडन यांची प्रकृती बरी नव्हती. त्यांनी जेमतेम तास-सव्वा तास मोटार चालवली आणि उरलेला सारा वेळ, साडेबावीस तासांहून अधिक, सत्तेचाळीस वर्षांचे किनेत्ती एकटे चालवत राहिले. त्या सरळ रस्त्याच्या टोकाला त्यांनी दोनशेपेक्षा अधिक वेळा ब्रेक दाबला असला पाहिजे.

मोठ्या इंजिनांच्या मोटारी एकेक करून बाहेर पडल्या किंवा मागे पडल्या. दुसरी १६६ अपघातात गेली. अखेरच्या तासांत आँरी लुव्हो आणि हुआन होव्हेर यांची दलाज अंतर कमी करत आली, परंतु फेरी भरून काढण्याइतका वेळ उरला नव्हता. किनेत्ती यांनी फेरारीला ल माँमधील पहिला विजय मिळवून दिला आणि स्वतःसाठी तिसरा नोंदवला. दोनच आठवड्यांनी बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांची शर्यतही त्यांनी झाँ ल्युका यांच्यासोबत जिंकली.

ल माँच्या त्या रात्रीकडे केवळ पराक्रम म्हणून पाहिले तर प्रकरणाचा गाभा निसटतो. एवढा वेळ एकाच माणसाने मोटार चालवणे हे तंत्राच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. पुढे नियमांनी एका चालकाने सलग आणि एकूण किती वेळ चालवावे यावर मर्यादा घातल्या, त्या रास्तच आहेत. पण किनेत्ती यांच्या जागी उभे राहून पाहिले तर मोटार बंद पडणे म्हणजे अडीच वर्षांपूर्वीच्या प्रस्तावाचा एकमेव पुरावा गमावणे होते. ते स्पर्धा करत होते हे खरे, आणि त्याच वेळी ते मालाचे प्रात्यक्षिकही देत होते. मोटार आपण विकतो, तिचे इंजिन आपण जाणतो, तिला कुठे ताणायचे आणि कुठे सांभाळायचे हे आपल्या हातांना ठाऊक आहे, असे सांगणारा विक्रेता त्या काळात दुसरा कोणी नव्हता.

धंद्याची घडण

त्यानंतर विक्रीला गती आली, तरी आकडे लहानच होते. ब्रिग्ज कनिंगहॅम या श्रीमंत क्रीडाप्रेमीने १९४९ मध्ये किनेत्ती यांच्याकडून १६६ घेतली. अमेरिकेत पोचलेल्या अगदी पहिल्या फेरारींपैकी ती एक होती. पाठोपाठ कागदउद्योगातील घराण्याचे वारस जिम किंबर्ली आले. कॅलिफोर्नियातील फिल हिल या तरुण मेकॅनिक-चालकानेही त्यांच्याकडून २१२ विकत घेतली. हाच हिल पुढे १९६१ मध्ये फेरारीसाठी फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. किनेत्ती यांनी न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला एजन्सी थाटली आणि कालांतराने ती कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथे नेली.

या धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. मारानेल्लोत एका हंगामासाठी घडवलेली शर्यतीची मोटार पुढच्या हंगामात युरोपातल्या पहिल्या फळीसाठी जुनी होत असे. अटलांटिकच्या पलीकडे हौशी शर्यतींत मात्र तीच मोटार आणखी दोन-तीन वर्षे जिंकत राहू शके. किनेत्ती ही ‘जुनी’ मोटार डॉलरमध्ये विकत, आणि युद्धोत्तर इटलीत डॉलरला काय मोल होते हे सांगायला नको. कारखान्याला पुढच्या मोटारीचा खर्च निघे, विकत घेणाऱ्याला कारखान्याच्या चालकांनी चालवलेली मोटार मिळे, आणि ती स्थानिक शर्यत जिंकली की शेजारच्या राज्यातला आणखी एक माणूस चौकशीला येई. जाहिरातीचा खर्च गिऱ्हाईकच उचलत होते. शिवाय प्रत्येकाला मोटार द्यायचीच असे किनेत्ती यांचे धोरण नव्हते. ज्याला ती झेपणार नाही असे वाटे त्याला ते टाळत, अशी त्यांची ख्याती होती. विक्रेत्याने नकार देणे हा मालाची किंमत राखण्याचा जुना मार्ग आहे, पण इथे त्याला दुसरीही बाजू होती, ती लगेच पुढे येते.

नोव्हेंबर १९५१ मध्ये मेक्सिकोतील कार्रेरा पानामेरिकाना ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची, उघड्या रस्त्यांवरची शर्यत पिएरो तारुफी आणि किनेत्ती यांनी फेरारी २१२ मधून जिंकली. आस्कारी आणि व्हिलोरेसी या चालकांची दुसरी फेरारी त्यांच्या मागोमाग आली. शर्यतीचा शेवट सिउदाद ह्वारेस येथे, म्हणजे टेक्सासच्या सीमेवर झाला. पैसेवाल्या टेक्सन प्रेक्षकाच्या दारात नेऊन केलेले याहून चांगले प्रात्यक्षिक सुचवता येणार नाही. कारखान्यालाही बाजार कुठे आहे हे कळले होते: या वर्षांत मोठ्या इंजिनाच्या मोटारींना ३४० अमेरिका, ३७५ अमेरिका, सुपरअमेरिका अशी नावे मिळाली आणि दशकाच्या उत्तरार्धात २५० जीटीची छत उघडणारी आवृत्ती ‘कॅलिफोर्निया’ या नावाने आली. मारानेल्लोच्या कामगारांपैकी किती जणांनी कॅलिफोर्निया पाहिले असेल, कोण जाणे.

जून १९५३ मध्ये ल माँला किनेत्ती आणि हौशी चालक टॉम कोल यांनी एक ३४० एमएम मिळून उतरवली होती. रविवारी सकाळी कोल चालवत असताना मोटार मेझों ब्लाँश या भागात उलटली आणि ते मृत्युमुखी पडले. त्यानंतर किनेत्ती ल माँमध्ये स्वतः कधी चालक म्हणून उतरले नाहीत. हौशी माणसाच्या हाती जगातील सर्वांत वेगवान मोटारींपैकी एक देणे हा ज्याचा धंदा आहे, त्याच्या हिशेबात अशा एका मोटारीची नोंद कुठल्या रकान्यात करायची, याचे उत्तर व्यवसायशास्त्राकडे नाही. गिऱ्हाईक पारखून घेण्याची त्यांची सवय अहंकारातून आली होती असे म्हणणाऱ्यांनी हा रविवार लक्षात घ्यावा.

संघ आणि कारखाना

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात किनेत्ती यांनी नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम उभी केली. रोमन आद्याक्षरांवरून तिला ‘नार्ट’ म्हणत. धनिक गिऱ्हाइकांचा पैसा, कारखान्याकडून मिळणाऱ्या मोटारी आणि किनेत्ती यांची नजर अशा तीन गोष्टींवर हा संघ चालला. नजर फार तीक्ष्ण होती. डॅन गर्नी यांना ल माँची पहिली संधी १९५८ मध्ये त्यांनीच दिली. १९६० मध्ये त्यांच्या संघाकडून रिकार्दो रोद्रिगेस हा अठरा वर्षांचा मेक्सिकन मुलगा आंद्रे पिलेत यांच्यासोबत ल माँमध्ये दुसरा आला. त्याचा थोरला भाऊ पेद्रो याने डेटोनाला १९६३ आणि १९६४ अशी सलग दोन वर्षे याच संघासाठी विजय मिळवले.

कारखाना आणि विक्रेता यांच्यातील नाते किती गुंतले होते हे १९६४ च्या शरदात दिसले. २५० एलएम या नव्या मोटारीला जीटी, म्हणजे ठरावीक संख्येने बनवलेल्या मोटारींच्या, वर्गात मान्यता मिळण्याइतक्या मोटारी बनल्या नव्हत्या, म्हणून मान्यता नाकारली गेली. इटलीच्या मोटार संघटनेने आपली बाजू लावून धरली नाही या रागाने एन्झो फेरारी यांनी इटलीच्या लाल रंगात शर्यत न लढण्याचे ठरवले. परिणामी वॉटकिन्स ग्लेन आणि मेक्सिको येथील फॉर्म्युला वनच्या अखेरच्या दोन शर्यतींत फेरारीच्या मोटारी नार्टच्या नावाखाली, पांढऱ्या-निळ्या अमेरिकी रंगांत धावल्या आणि जॉन सर्टीस यांनी त्या वर्षीचे जगज्जेतेपद ग्रॅहॅम हिल यांच्यापेक्षा अवघ्या एका गुणाने मिळवले ते याच रंगांत. मेकॅनिक म्हणून आयुष्य सुरू केलेल्या माणसाच्या संघाचे नाव त्या दोन शर्यतींपुरते कारखान्याच्या नावापुढे लागले.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ल माँला फोर्डच्या आणि फेरारीच्या कारखान्यांचे संघ एकमेकांना संपवण्याच्या ईर्षेने उतरले आणि दोघांच्याही मोटारी मोडल्या. जिंकली ती नार्टची २५० एलएम, चालक मॅस्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट. मान्यता नाकारली गेलेलीच ही मोटार. कारखान्याला विजय हवा होता, तो मिळाला. मात्र तो आपल्या संघाकडून न येता विक्रेत्याकडून यावा हे मारानेल्लोत सगळ्यांना गोड लागले असेल असे मला वाटत नाही.

दहा मोटारी

बाजारपेठेची नाडी विक्रेत्याला अधिक कळते की उत्पादकाला, हा वाद १९६७ च्या एका लहानशा व्यवहारात नेमका पकडता येतो. फेरारीची २७५ जीटीबी/४ ही बंद छताची, ३.३ लिटरच्या इंजिनाची मोटार तेव्हा बाजारात होती. किनेत्ती यांना तिची उघडी आवृत्ती हवी होती. कारखान्याची तशी योजना नव्हती, तेव्हा त्यांनी आपल्या जबाबदारीवर मागणी नोंदवली आणि मोदेनाच्या स्कालिएत्ती यांच्या कार्यशाळेत छत काढून, अंग मजबूत करून, मागच्या भागाचे पत्रे नव्याने ठोकून या मोटारी बनवून घेतल्या. पहिली मोटार त्यांनी सवयीप्रमाणे आधी शर्यतीत उतरवली: फ्लोरिडातील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत डेनिस मक्‌क्लुगेज आणि पिंकी रोलो या दोन महिलांनी ती सतराव्या क्रमांकावर आणली. बेत पंचवीस मोटारींचा होता. पंधरा हजार डॉलरच्या आसपासच्या किमतीला पुरेसे गिऱ्हाईक आले नाही आणि दहाव्या मोटारीनंतर काम थांबले.

धंद्याच्या भाषेत हे अपयशच होते. २०१३ मध्ये त्या दहांपैकी एक मोटार लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरना गेली म्हणून १९६७ चा निर्णय बरोबर ठरत नाही. चाळीसहून अधिक वर्षांनी संग्राहकाने दिलेली किंमत विक्रेत्याच्या त्या वर्षीच्या ताळेबंदाला उपयोगी नसते. माझ्या दृष्टीने या दहा मोटारींचे महत्त्व वेगळे आहे. किनेत्ती यांनी आपल्या संघाचे नाव जिला दिले अशी ही रस्त्यावरची मोटार, ‘नार्ट स्पायडर’, आणि ती देखील मूळची दुसऱ्याच्या कारखान्यातली.

हक्क कसा गेला

१९६८ पासून अमेरिकेत सुरक्षितता आणि धूर यांविषयीचे केंद्रीय नियम लागू झाले. आता मोटार जहाजातून उतरवून, तपासून, गिऱ्हाइकाच्या हाती देणे पुरेसे नव्हते; प्रत्येक मॉडेल चाचण्यांतून न्यावे लागे, कागदपत्रे ठेवावी लागत, दोष आढळल्यास मोटारी परत बोलावून दुरुस्त कराव्या लागत. १९६९ मध्ये फियाटने फेरारीची निम्मी मालकी घेतली. सत्तरच्या दशकात पूर्वेकडील वितरण किनेत्ती एका भागीदारासह पाहत होते, तर पश्चिमेकडील हक्क नेव्हाडातील रिनोच्या बिल हॅरा यांच्या कंपनीकडे होते. दशक संपता संपता वितरणाचे हक्क कंपनीने स्वतःकडे घेतले आणि अमेरिकेसाठी स्वतंत्र उपकंपनी आली.

याचा दोष कोणाला द्यायचा? एन्झो फेरारी यांच्या कृतघ्नतेवर बोट ठेवणे सोपे आहे, आणि त्यांच्या स्वभावाविषयी जे सर्वज्ञात आहे ते पाहता कोणी प्रतिवादही करणार नाही. पण भावनेपलीकडे जाऊन पाहिले तर १९४९ चा विक्रेता ज्या कामासाठी लागत होता ते कामच १९७५ पर्यंत संपले होते. अनोळखी नावाला विश्वास मिळवून द्यायला किनेत्ती यांच्यासारखा माणूस हवा होता. सर्वांना ठाऊक असलेल्या नावाचे सुटे भाग वेळेवर पोचवायला गोदाम आणि हिशेबनीस पुरेसे असतात. किनेत्ती जितके यशस्वी झाले तितके ते कारखान्याला कमी आवश्यक ठरले.

त्यांना दुसरा मार्ग होता का, हे पाहण्यासाठी समकालीन दोन उदाहरणे हाताशी आहेत. न्यूयॉर्कचेच मॅक्स हॉफमन हे ऑस्ट्रियात जन्मलेले आयातदार एकाच वेळी अनेक युरोपीय कंपन्यांचे प्रतिनिधित्व करत. पार्क ॲव्हेन्यूवर फ्रँक लॉइड राइट यांच्याकडून त्यांनी शोरूम बांधून घेतले होते, आणि अमेरिकेत काय खपेल हे कंपन्यांना ठणकावून सांगून त्यांनी कित्येक प्रसिद्ध मोटारी घडवायला लावल्या. फोक्सवागनपासून बीएमडब्ल्यूपर्यंत एकेका कंपनीने त्यांच्याकडूनही हक्क परत घेतले, परंतु एक दार बंद झाले तेव्हा त्यांची बाकीची दारे उघडी होती. किनेत्ती यांचे दार एकच होते. दुसरे उदाहरण त्यांचेच गिऱ्हाईक कनिंगहॅम यांचे. त्यांनी स्वतःच्या नावाच्या मोटारी फ्लोरिडात बनवून ल माँला नेल्या आणि १९५५ मध्ये तो उद्योग बंद केला. कनिंगहॅम यांच्यापाशी होती तशी संपत्ती किनेत्ती यांच्यापाशी कधीच नव्हती, तेव्हा हा मार्ग त्यांना खुला नव्हता. हॉफमन यांचा मार्ग खुला होता, पण ज्या माणसाने साडेबावीस तास एका मोटारीत बसून तिच्याबद्दल साक्ष दिली, त्याने दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काउंटरवर तिच्या स्पर्धकाची तारीफ करावी ही अपेक्षा व्यवहाराला धरून असली तरी स्वभावाला धरून नव्हती. शिवाय तसे केले असते तर त्यांच्या शब्दाला जी किंमत होती ती राहिली असती का, हा प्रश्न उरतोच.

हक्क गेल्यावर संघही थोड्याच वर्षांत थांबला. किनेत्ती ग्रिनिचला राहिले आणि तिथेच १७ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एन्झो फेरारी सहा वर्षांपूर्वीच गेले होते. १९६५ ची ती २५० एलएम पुढे अनेक दशके इंडियानापोलिसच्या संग्रहालयात होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला ३ कोटी ४८ लाख युरोंहून अधिक किंमत आली. विसाव्या शतकात फेरारीने ल माँ नऊ वेळा जिंकली. पहिली किनेत्ती यांनी स्वतः चालवून, नववी त्यांच्या संघाने. दहावीसाठी कारखान्याला २०२३ पर्यंत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षे, थांबावे लागले.